घोंगडीवीर, भाग पाच ते नऊ

२ जून
माझ्या 'घोंगडीवीर' चित्रकथेचा पाचवा भाग इन्स्टाला टाकला. घोंगडी पांघरून उडणारा मेंढपाळ सुपरहिरो, अख्ख्या माजलगावात दुसरा कोणी दाखवा. कॉलेज सोडलं ते यासाठीच. नापास झालो, तो योगायोग. हिरॉईनला आमच्या वर्गातल्या रोहिणीचा चेहरा दिलाय. तिला सांगितलं नाही. ओळखेल.

३ जून
धर्मापुरीचा कोणी अभिमन्यू. कमेंट केली : मेंढराची शेपटी खाली असते, वर असते ती शेळीची, तुमचा हिरो शेळ्या राखतोय. रोहिणीनं या कमेंटला बदाम दिला. माझ्या चित्राला नाही.
असल्यांना उत्तर द्यायचं नाही. ठरलं.

३ जून, दुपारी
सात उत्तरं दिली.

९ जून
भाग सहा. अभिमन्यू म्हणतो, हिरोनं काठी झाडूसारखी धरलीय. रोहिणीचा परत बदाम. दोघांचं नक्की काहीतरी आहे.

११ जून
एसटीनं धर्मापुरी गाठली, तोंडावर जाब विचारायला. देवळामागं मेंढरं चारत होता. मोबाईलमध्ये माझे सगळे भाग सेव्ह. म्हणाला, "लई भारी काढतो बे तू. म्हणून तर चुका दिसत्यात." चहा पाजला. रोहिणीचं विचारलं, तर म्हणे कोण रोहिणी. पक्का नट.
शेपट्या बघितल्या. खाली होत्या. त्या कळपापुरतं असेल.

१६ जून
भाग सात. व्हिलनला अभिमन्यूचं तोंड दिलं. चार दिवस घासलं, एवढी मेहनत हिरोवर पण घेतली नव्हती. आता कळेल त्याला.

१७ जून
रोहिणीचा मेसेज! पाच महिन्यांत पहिला. व्हिलन कसला देखणा आहे म्हणे, खरंच कोणी आहे का असा? डोकं सटकलं. लिहिलं, धर्मापुरीला देवळामागं मेंढरं चारतो, जाऊन बघ, म्हणजे भूत उतरेल.
'थँक्स' आलं. उतरणार.

२३ जून
भाग आठ. व्हिलन धरणात बुडवला. एक्केचाळीस फॉलोअरपैकी एकोणीस गेले. जाऊ देत, कलाकार पब्लिकपुढं वाकत नसतो. रोहिणीनं लिहिलं, त्याला परत आण, नाहीतर मी पण चालले.

२४ जून
व्हिलनला पोहता येतं. हे माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतं.

२८ जून
भाग नऊ अडलाय. व्हिलनचं नाक जमेना. शेवटी अभिमन्यूलाच बाजूनं काढलेला फोटो मागितला. लगेच आला. नाक एकदम स्पष्ट. खाली लिहिलं होतं, "फोटो रोहिणीनं काढलाय. ती म्हणती, या टायमाला घाई करू नको."
केली नाही. नाक छान आलंय.