साक्षीदाराच्या जागी तिची सही

बुधवार, ९ ऑक्टोबर

वही, माफ कर. उन्हाळ्यापासून तुझ्याकडे फिरकलो नाही. काम फार होतं असं लिहिणार होतो, पण काम नेहमीच असतं. आळस होता. आज आलो तोही गरजेपोटी, अगदी नातेवाइकांसारखा. सोमवारी माझं पित्ताशय काढणार आहेत आणि त्याआधी मला मृत्युपत्र लिहायचं आहे. वकील म्हणाले, "रोजनिशीत लिहिलं तरी चालतं. फक्त मध्ये मध्ये लोकांची निंदा करू नका." पहिल्या वाक्यापुरता त्यांचा सल्ला मानतो.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सेहेचाळीस, शिक्षण बी. एस्सी., धंदा कवळ्या बनवणे, राहणार माझ्याच दुकानाच्या वर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीची तपासणी झालेली आहे. जिच्याबद्दल पुढे पाचव्या कलमात लिहिणार आहे, त्या पोरीने परवा मला समोर बसवून शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी इथवर मी झोकात आलो आणि मग खिडकीबाहेर बघू लागलो. "काका, बहात्तर," ती म्हणाली. मी म्हटलं, मला येत होतं. ती म्हणाली, "सगळे पेशंट हेच म्हणतात." तरी तिने मला पास केलं.

यापूर्वीचं मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो. ते रविवारी केलं होतं आणि कपातला चहा निवायच्या आत बाद झालं. ते कसं, हेही पाचव्या कलमात येईल.

कलम १. शस्त्रक्रियेची मला भीती नाही, भुलीची आहे. हातपाय शाबूत असताना एक परका माणूस आपल्याला बंद करून टाकतो, हे मला पटत नाही. तेव्हा झोपलो आणि उठलोच नाही, तर कोणीही "शांत झोपेत गेले" असं म्हणू नये. मी कुरकुरत गेलो असेन.

कलम २. हत्यारं. मेणाचे चाकू, प्लास्टरचे साचे, पॉलिशचं यंत्र आणि जबड्यासारखी उघडमीट होणारी पितळी चौकट, हे सगळं गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या दुसऱ्या कवळीवाल्याला द्यावं. माझ्या कवळ्या शीळ घालतात असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. निदान एकदा तरी त्याच्या दुकानात चांगलं हत्यार येईल. (हे वाक्य खोडावं का, यावर बराच वेळ विचार केला. मेल्यावरही टोमणा मारणं शोभत नाही. पण ते खोडलं तर हत्यारं त्याला का देतोय हे कोणालाच कळणार नाही. खरं कारण असं की खालची कवळी तो माझ्यापेक्षा बरी बसवतो. दोन्ही वाक्यं राहू देत.)

कलम ३. भिंतीतल्या कपाटात तयार होऊन पडलेल्या, कोणी न नेलेल्या कवळ्या आहेत. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली आहे. त्यांतली एक एका निवृत्त हेडमास्तरांची. "उद्या येतो" म्हणून गेले, ते आजतागायत दात नसताना लोकांना शिस्त लावत हिंडतात. त्या सगळ्या घरपोच कराव्यात. कोणाच्या घरी माणूस उरला नसेल तर परत आणाव्यात, तिथे ठेवून येऊ नयेत. मागे मी एकदा ठेवून आलो होतो आणि सूनबाई किंचाळल्या होत्या.

कलम ४. वरच्या दोन खोल्या माझ्या ताईला. आईचं शिलाई मशीनही ताईलाच. इतकी वर्षं ते माझ्याकडे का आहे, असं ती दर खेपेला विचारते. मी शिवत नाही, ती शिवते, म्हणजे उत्तर उघड आहे. आईने ते मला दिलं, एवढाच माझा हट्ट. ताईला माझ्यावरचा मुख्य राग मशीनचा नाहीच. "परक्याची पोर डॉक्टर करतोस आणि सख्ख्या भाच्याला साधा क्लास लावत नाहीस," हा आहे. ताई, क्लास लावला होता. तुझा मुलगा तिथे जात नव्हता, हे मी तुला सांगितलं नाही, कारण तो आता केक करतो आणि उत्तम करतो. त्याला त्याच्या भट्टीवर सोड.

कलम ५. आता ती.

तिचे वडील लोकांच्या विहिरी खणतात. राहतं घर एका खोलीचं, शेजारी शेळ्यांचा गोठा, जमीन नाही. ते आपल्या म्हाताऱ्या आईला कवळीसाठी घेऊन आले तेव्हा ही शाळेतली पोर सोबत होती. मी माप घेत होतो. तिने विचारलं, "वरचे दात खाली का पडत नाहीत?" मी सांगितलं की कवळी टाळूला घट्ट बसते, मध्ये थुंकीचा पातळ थर राहतो आणि हवा शिरत नाही. "आणि जांभई दिली की?" म्हटलं, थोडी सैल होते. "मग चालणार नाही. आजी दिवसभर जांभयाच देते." मी कवळीची कड पुन्हा घडवली. तेव्हापासून मी तिला चौकशीबाई म्हणतो. पुढे तिला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि वडील फीचा कागद घेऊन कोणाकडे जावं हे न कळून माझ्याकडे आले. फी, वसतिगृह, पुस्तकं मी बघतो म्हणालो. अट काही नाही, असंही म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडचं आहे आणि ते मला आठवतं.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. माझं पोट दाबून "हे अपचन नाही काका, खडे आहेत" असं सांगणारीही तीच.

रविवारच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं: खालचं दुकान विकून येईल ते आणि बँकेतली ठेव तिला मिळावी, पुढच्या शिक्षणासाठी आणि गावी दवाखान्यासाठी. अट एवढीच की तिने गावातच दवाखाना चालवावा.

दुकानात वकील होते, ती होती. मी मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज शेवटी थोडा भरून आला, हे कबूल. तिने पेन मागितलं, साक्षीदाराच्या रकान्यात झोकदार सही केली आणि चहा ओतू लागली.

वकील ओरडले, "अहो, हिने इथे सही का केली? साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नसतं!"

"माहीत आहे. न्यायवैद्यक आहे ना आम्हाला, परीक्षेत आलं होतं."

"मुद्दाम केलंस?" मी विचारलं.

"हो."

"अगं, तुला आवडलं नाही का?"

"भाषा आवडली. अट नाही आवडली."

वकिलांनी चहाचा कप उचलला आणि ते दारात जाऊन रस्ता बघू लागले. समजूतदार गृहस्थ.

तिला भूलतज्ज्ञ व्हायचं आहे. मोठ्या रुग्णालयात, जिथे शस्त्रक्रिया होतात तिथे. मला हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "माणसं झोपवायला इतकी वर्षं शिकायचं?"

"झोपवता कोणालाही येतं काका. आमचे इतिहासाचे सर रोज आख्खा वर्ग झोपवायचे. मला परत उठवायचं शिकायचंय."

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. "मग सरळ सांगायचंस. सही कशाला?"

तिने कप खाली ठेवला. "तुम्हाला सांगितलं असतं हो. पण बाबांना कसं सांगू? सही केली की कायद्यानेच पैसे गेले. पैसे नाहीत म्हणजे दवाखाना नाही. मग मी नाही म्हटलं असं होत नाही."

"आणि तुझं पुढचं शिक्षण?"

"बघू की. रात्रपाळ्या मिळतात."

कप पुन्हा उचलत हळूच म्हणाली, "तुम्ही अट नाही म्हणाला होतात."

वही, हे इथे लिहायलाच हवं. दवाखान्याची कल्पना तिच्या वडिलांची नव्हती, माझी होती. उन्हाळ्यात मीच त्यांच्या गोठ्यात पावलं टाकून मापं घेतली. इथे तपासणीचं टेबल, इथे बाकडं, दारावर पाटी. पाटीवर माझ्या आईचं नाव, खाली बारीक अक्षरात माझं. बारीकच, पण होतं. लोक मला विचारायचे, "त्या पोरीचं पुढे काय?" मला एका वाक्याचं उत्तर हवं होतं. तिच्या आयुष्यातून मी माझ्यापुरतं वाक्य काढून घेतलं.

वडिलांनी मात्र ते खरं धरलं. गोठ्याला चुना लावला, शेळ्या बाहेर पत्र्याखाली बांधल्या. गावात कोणी कंबर दुखते म्हणालं की ते सांगतात, "थांबा जरा. पोरगी येतेय. तोवर दमानं दुखू द्या."

गावाला डॉक्टर हवा, हे खोटं नाही. ते लिहून मी माझी बाजू राखायचा प्रयत्न दोनदा केला आणि दोनदा खोडला. गावाला डॉक्टर हवा, म्हणून तिनेच तिथे बसलं पाहिजे, असं काही त्यातून निघत नाही.

सबब हे कलम आता असं वाचावं: दुकानाची विक्री व ठेव तिला मिळावी. अट नाही. तिने भूल द्यावी, हाडं जोडावीत, गावी जावं, जाऊ नये. परीक्षेत नापास झाली तरी रक्कम तिचीच. डॉक्टरकी सोडून भाच्याबरोबर केक करू लागली तरी तिचीच. ताई, डोळे वटारू नकोस. कोणत्याही पाटीवर माझं नाव घालू नये.

कलम ६. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम वकिलांकडे. त्यांची वरची कवळी माझी आहे, तेव्हा त्यांना मला विसरता येणार नाही.

हे तिला आज संध्याकाळी वाचून दाखवलं. या खेपेला पेन मी खिशातच ठेवलं होतं. ऐकून म्हणाली, "ठीक आहे. पण बाबांचं काय?"

"ते माझ्याकडे."

"तुम्ही सांगणार? तुम्हाला जमेल?"

"नाही जमणार. पण त्यांच्या डोक्यात घातलं मी, तर काढायलाही मीच हवा."

"चिडतील."

"चिडू देत. विहीर खणणारा माणूस आहे, फार तर आत टाकतील."

ती हसली, मग नाक पुसलं, मग म्हणाली की सोमवारी उपाशीपोटी यायचं आहे, हे विसरू नका.

लिहून देणार: सही केली आहे. ती बी. एस्सी. झालो तेव्हापासून बदललेली नाही, बँकेला विचारावं.

साक्षीदार पहिला: वकील. साक्षीदार दुसरा: समोरचा इस्त्रीवाला. दोघांनाही यातून काही मिळत नाही. इस्त्रीवाल्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग जरा रागानेच सही केली.

ठिकाण: दुकानातलं टेबल, प्लास्टरची पूड झटकून. दिनांक वर दिलाच आहे.

उद्या: पहिल्या गाडीने तिच्या वडिलांकडे जाणे आणि शेळ्या परत आत बांधायला सांगणे.