आबांची मेंढी, केसरचा उंट

मी, चंद्रभागाबाई मुंजाजी गडदे, वय अंदाजे शहात्तर, शिक्षण तिसरी नापास, राहणार धनगरवस्ती, तालुका केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहिते. डोकं शाबूत हाय. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता, तर मी वारासोबत त्यांच्या बायकोचं माहेरही सांगितलं.

१. दोन खोल्यांचं घर भागवत आणि परमेश्वर या माझ्या मुलांना निम्मं-निम्मं. भिंत घालायचीच तर वर्षभर थांबावं. तोवर राग जातो.

२. अकरा शेळ्या सून मंजुषाला. कावून? तर चारा तीच घालते. पोरं नुसती नावं ठेवतात.

३. माझ्या वडिलांची, आबांची, गोष्ट. खरं म्हणजे कागद हिच्यासाठीच केला.

एकाची मेंढी हरवते. आबा विचारतात, "डाव्या डोळ्यानं आंधळी, मागच्या पायानं लंगडी, वर गाभण?" मालक ओरडतो, "तूच चोरली!" आणि त्यांना पंचांपुढं उभं करतो. आबा म्हणतात, "पाहिलीसुद्धा न्हाई. वाटेच्या उजव्या अंगाचाच पाला खाल्लाय, म्हणून आंधळी. एक खूर धुळीत ओढलाय, म्हणून लंगडी. बसून उठताना गुडघे खोल रुतलेत, पोटाचा भार लई, म्हणून गाभण." पंच आबांना सोडतात.

ही मी साऱ्या वस्तीला आबांची म्हणून सांगितली. ऊसतोडीला गेलतो तेव्हा धाकटी जाऊ केसरबाई चारचौघींत म्हणाली, "अक्का, ही तर उंटाची गोष्ट. माझ्या माहेरीबी सांगतात. तुझ्या आबांनी कवा केलं हे?"

मी म्हणाले, "तुझ्या माहेरी उंट सोड, धड गाढव तरी हाय का?"

तेवढ्यावर बावीस वर्षं अबोला. शेजारी घर, नळ एकच, आणि अबोला!

औंदा नात तेजश्री बीडच्या कॉलेजातून आली. म्हणाली, "आजी, ही गोष्ट कितीतरी देशांत सांगतात. कुठं उंट, कुठं घोडा." मला इतकं हसू आलं, ठसकाच लागला.

आता खरं लिहिते. मी सात वर्षांची असताना हैदराबादेकडचा एक अत्तरवाला आमच्या मेंढवाड्यावर मुक्कामाला होता. ही गोष्ट त्यानं सांगितली. उंटच होता. पुढच्या बाजारी आबांनी ती सांगितली, तेव्हा उंटाची मेंढी झालती आणि शहाणा माणूस खुद्द आबा! त्यांनी माझ्याकडं बघून डोळा मारला. मी जन्मभर गप्प बसले.

तेव्हा केसर खरी, मी खोटी.

४. गोष्ट सगळ्या नातवंडांना. ज्यानं त्यानं आपलं जनावर घालावं. तेजश्रीनं स्कूटी घातली तरी चालेल. शहाण्याचं नाव कधीमधी आबा ठेवावं, एवढी विनंती.

५. वकील म्हणाले, "आजी, जिला काही द्यायचं तिला साक्षीदार करू नका." म्हणून केसरला काहीच ठेवलेलं न्हाई. तिला साक्षीला बोलावलं. तिसरं कलम तिनं दोनदा वाचायला लावलं.

सही: चंद्रभागाबाई मुंजाजी गडदे
ठिकाण: केज. दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. आश्रुबा त्रिंबक खरात, सही.
२. केसरबाई गडदे, डाव्या हाताचा अंगठा. खालचं तिनं सांगितलं, तेजश्रीनं लिहिलं: "ऐकलं. मान्य. अक्का, आबांची मेंढीच बरी होती. आज भाकर माझ्याकडं."