दुसऱ्या पॉलिहाऊसचं काय?

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वादळाने आपल्या दोन्ही पॉलिहाऊसचा प्लॅस्टिकचा कागद फाडून शेजाऱ्याच्या विहिरीवर नेऊन टाकला, हे कळलं. विहिरीला फुकटात छप्पर झालं म्हणायचं. रागावू नकोस, मला रडता येत नाही म्हणून असलं सुचतं.

काळजी सोड. भाऊ कशाला आहे? आमच्या इमारतीच्या परांचीचे चौदा लाकडी खांब मुकादमाने मला देऊन टाकले, ते ट्रकने निघालेत. वाळवीच्या औषधात बुडवलेले आहेत, तुझी नातवंडंसुद्धा वापरतील. बाबांना सांग, दोन हात खोल मातीत गाडा आणि वरून कागद ताणा. सातव्या मजल्यावर माणसं तोलणारी परांची मी बांधतो, तुमच्या काकड्या काय जड आहेत?

अक्षराला हसलीस तर पुढचं पत्र नाही. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर घेईन.

तुझा,
भिंगरी

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खांब पोचले. बाबांनी एकाचा वास घेतला आणि चौदाच्या चौदा रस्त्यापलीकडे ठेवायला लावले. अरे शहाण्या, दहा वर्षं आपण बिनविषाचं पिकवतो आणि तू विष प्यायलेलं लाकूड मातीत गाडायला सांगतोस? तपासणीवाल्यांनी बघितलं असतं तर सेंद्रियचा दाखला गेला असता, पुन्हा मिळवायला तीन वर्षं. बाबा म्हणाले, पोरगं शेतात वाढलं पण शेत काही अंगी लागलं नाही. आणि हसले. वादळानंतर पहिल्यांदाच, म्हणून तुला माफ केलं.

आता कामाचं. वाकलेले पाइप बाबा दगडावर ठोकून एकेक सरळ करतात. एक पॉलिहाऊस आम्ही दोघं सांभाळू. दुसरं तू परत येणार असशील तरच उभं करायचं, असं त्यांनी ठरवलंय. तुला विचारायला अवघड वाटतं म्हणून मला पुढे केलंय. चार वर्षं तू दर पत्रात लिहितोस, पुढच्या हंगामाला नक्की येतो. या वेळी खरं लिही. रोपं थांबणार नाहीत.

आठवण ठेवतोसच, उत्तरही पाठव.

ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येतो असं दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. मुकादम म्हणाला, कागद चावून खातोस की काय.

ताई, मी येणार नाही. पॉलिहाऊसच्या त्या दमट हवेत अर्ध्या तासात माझा जीव गुदमरतो. इथे वर उभा राहिलो की तोंडावर वारा येतो. या कामावर आठ महिने टिकलोय, माझ्यासारख्याने! दुसरं पॉलिहाऊस माझ्यासाठी उभं करू नका. हे तू बाबांना सांगू नकोस, पत्रच त्यांच्या हातात दे.

पण कागद चढवायला तीन दिवसांची सुट्टी काढून येतो. वारा पडलेली सकाळ धरा. वर चढून ताण द्यायचं काम मला कुणी शिकवू नये. औषधाला हात लावून येणार नाही, शपथ.

रागावलीस तरी पूर्ण रागावू नकोस.

भिंगरी

ता. २६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र बाबांना दिलं. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि न जेवता झोपले. मला वाटलं, झालं, आता महिनाभर अबोला. सकाळी बघते तर दुसऱ्या पॉलिहाऊसचे पाइप उपसून पहिल्याच्या कमानींना जोडीने बांधतायत. म्हणाले, चार वर्षं त्याची जागा राखली आणि तिथे धड काहीच लावलं नाही. आता उघड्यावर कांदा लावू. मग दुप्पट जेवले.

रविवारी वारा नसेल म्हणतात. शनिवारी ये. कमानी आता इतक्या भक्कम झाल्यात की खालून कुणी धरायची गरज नाही. तरी तू वर असेपर्यंत बाबा धरून उभे राहणार आहेत.

माया आहेच, मागायला नको.

ताई