नहूमच्या कबरीची किल्ली

२१ जानेवारी, सोमवार

निनवेचा उपास सुरू. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. चर्चमध्ये बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या पुस्तकाचं वाचन माझ्याकडे होतं. एकही अक्षर चुकलं नाही. योनाचा इशारा ऐकून निनवे पस्तावली, देवाने माफ केलं. बायका रडल्या. आपल्याच पूर्वजांची गोष्ट!

घरी पुढची पानं उलटली, तर नहूम संदेष्ट्याचं पुस्तक. तोच देव, तेच शहर — आणि माफी नाहीच! निनवे म्हणजे फुटलेलं तळं, पाणी निसटत चाललेलं. जखम भरायची नाही म्हणे. मग आपण कोण? माफ झालेले की बुडालेले?

भाऊ यल्दाचा डेट्रॉइटहून पुन्हा फोन. बाबांचे आणि माझे व्हिसाचे कागद मंजूर आहेत, महिनाअखेर निघायलाच हवं. जिच्याशी लग्न करायचं मनात आहे, ती नह्रीनही वर्षापूर्वीच तिकडे गेली. मी नुसता हं हं म्हणत राहिलो.

२२ जानेवारी

बाबांबरोबर नहूमची कबर झाडायला गेलो. आमच्या अल्कोशमधले यहुदी गाव सोडून गेले, तेव्हा आजोबांच्या हाती किल्ली देऊन गेले. तेव्हापासून केर काढणं आमच्याच घराकडे.

विचारलं, "आपल्या निनवेला शाप यानं द्यायचा आणि केर आपण काढायचा?"

"शाप राजाला दिला. योनाच्या वेळचा राजा पस्तावून राखेत बसला, म्हणून सुटला. पुढचे राजे पुन्हा लोकांची घरं लुटायला लागले. आपल्या घराण्यात राजा कधी होता रे? छप्पर बघ आपलं!"

हसलो. घसा इतका कोरडा, की खोकलाच आला.

मग म्हणाले, "तू जा. मी किल्ली कुणाच्या हाती देऊ?"

डेट्रॉइटच्या नातवंडांचा फोटो मात्र कोटाच्या खिशात असतो. दार लावताना काढून बघितला. मला दिसलं नाही असं वाटलं त्यांना.

२३ जानेवारी

शेवटचा दिवस. लग्नाच्या मुलामुलींनी झोपताना खारट पोखीन खायचं — भाजलेल्या सात धान्यांचं पीठ — आणि वर पाणी प्यायचं नाही. स्वप्नात जो पाणी देईल, त्याचं घर ते आपलं घर.

"मीठ जरा जास्त घाल," बाबा म्हणाले. "डेट्रॉइट लांब आहे!"

नह्रीन, ये.

२४ जानेवारी, सकाळ

नह्रीन नव्हती.

कबरीचं दार होतं. ते आतून उघडलं. एक म्हातारा हात, मातीचा वाडगा. चेहरा दिसेना. खाली निनवेचं सगळं मैदान तळ्यासारखं चमकत होतं — काठोकाठ, कुठूनच निसटत नव्हतं. "वाचून झालं ना?" आतून आवाज आला. "पी आता." इतकं गोड पाणी!

बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"नक्की त्याच दारातून?"

"नक्की."

खिशातला फोटो काढला आणि या वेळी माझ्यासमोरच बघत बसले.

२५ जानेवारी

बाबांनी बॅग भरली. फक्त स्वतःची.

किल्ली माझ्या उशाशी.