बिछान्याचं नाव बदलल्याबद्दल

सोमवार, ३ मार्च. सकाळी ११.२०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढे कोणी म्हणायला नको, म्हातारीचा काहीतरी गैरसमज झाला. आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेरच्या पॅसेजमध्ये, कर्मचाऱ्यांच्या चित्र-छायाचित्र प्रदर्शनात, मी काढलेल्या फोटोखाली मी दिलेलं नाव नव्हतं. मी लिहून दिलं होतं, 'नियमानुसार घातलेला बिछाना'. तिथे छापलंय, 'एकटेपण'.

बाकी कोणाचं नाव बदललेलं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी डोंगराचा फोटो लावलाय, खाली 'डोंगर'. लॅबवाल्या बाईंनी मायक्रोस्कोपमधून दिसतं ते जलरंगात रंगवलंय. सुंदर आहे, नाकारत नाही. खाली 'रक्तपेशी'. फार्मसिस्टने स्वतःच्या मांजराचे चार फोटो टांगलेत आणि मांजराला मांजरच म्हटलंय. माझ्याच बिछान्याला बिछाना म्हणायला काय धाड भरली होती?

याच इमारतीतून मी मेट्रन म्हणून निवृत्त झाले. निवृत्तांनीही भाग घ्यावा असं कळवलं म्हणून घेतला. मला कुठे हौस होती.

ठराव: उद्या फोन. शांतपणे बोलायचं.

त्याच दिवशी, दुपारी

वस्तुस्थितीची नोंद. फोटोत माझ्या खोलीतला माझा पलंग आहे. चादरीवर सुरकुती नाही. पायथ्याचे दोन्ही कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचलेले. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला. शेजारी स्टुलावर झाकलेला पाण्याचा ग्लास आणि घंटा. घंटा पेशंटच्या हाताला लागेल अशी हवी, असा नियम आहे. ती ऐकणार कोण, याबद्दल नियमात काही नाही.

उशी एकच, कारण झोपणारी एक. फोटोपुरती दुसरी ठेवली असती तर ती लबाडी झाली असती. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी आम्हाला लबाडी सोडून सगळं शिकवलं.

मंगळवार, ४ मार्च

फोन केला. प्रदर्शन भरवणारा तो भूल देणारा डॉक्टर. गळ्यात स्टेथोस्कोप कमी, कॅमेरा जास्त. शांतपणे बोलले. पहिली दोन वाक्यं तरी.

म्हणाला, मॅडम, तुमचा फोटो कमिटीला फार भिडला. म्हटलं, तो भिडवायला काढलेला नाही. म्हणाला, तो उजेड, तो रिकामा पलंग... म्हटलं, बिछाना घालताना पलंग रिकामाच असतो. पेशंट आत असताना घालायची पद्धत वेगळी, तीही मला येते, हवी असेल तर दाखवते. त्याला अचानक केस आली. माझ्याशी बोलताना डॉक्टरांना नेहमीच केस यायच्या.

ठराव: त्या पॅसेजमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

बुधवार, ५ मार्च

गेले. निव्वळ पाहणीसाठी. फोटोजवळ उभी राहिले, कोणाचा गैरसमज होत असेल तर जागच्या जागी दूर करावा म्हणून.

हाताला प्लास्टर असलेली एक बाई आली. फोटोकडे बघत राहिली आणि डोळ्यांना पदर लावला. मी पुढे होऊन तिला कोपरा कसा दुमडतात ते समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि धड असलेल्या हाताने माझा हात धरला. म्हणाली, असू द्या हो. काय असू द्या? कोपरा कळला की नाही, विचारायचं राहूनच गेलं. हात बराच वेळ धरला होता.

वॉचमन नवा आहे. म्हणाला, ओ मावशी, इथे उभं राहू नका. आमच्याकडे मावशी म्हणजे वॉर्डातली आया. म्हटलं, मी मेट्रन होते इथे. म्हणाला, बरं मावशी.

शुक्रवार, ७ मार्च

भाचीचा फोन, तोही रविवार नसताना. कोणीतरी तिला मोबाइलवर फोटो पाठवला होता. मावशी, तू बरी आहेस ना? मी येऊ का राहायला? म्हटलं, वेडी आहेस का, मला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. ती म्हणाली, बरं.

अगदीच लगेच बरं म्हणाली. आजकालच्या मुलींना आग्रह करणं म्हणजे काय ते माहीतच नाही.

शनिवार, ८ मार्च

कारवाई केली. माझ्या अक्षरात, जाड कार्डावर मूळ नाव लिहिलं आणि त्यांच्या पाटीवर डकवलं. मागे वळते तर आताची मेट्रन. माझ्याच हाताखाली शिकली, तेव्हा थर्मामीटर फोडायची. रागवेल वाटलं, तर हसली. म्हणाली, सिस्टर, तुमचा तो कोपरा आमच्या मुलींना शिकवाल का? मंगळवारी या.

शेवटी ज्ञानाची कदर झालीच. मी विचार करून सांगते म्हटलं आणि लगेच हो म्हटलं.

मंगळवार, ११ मार्च

इस्त्रीची पांढरी साडी. दहाला बोलावलं होतं, नऊला गेले.

मुली चुणचुणीत. सगळ्यांचे मोबाइल माझ्याकडे रोखलेले. चादर झटकली, मधली घडी गादीच्या मधोमध, ताण दिला, कोपरा उचलला, दुमडला, खोचला. हात विसरलेले नाहीत. टाळ्या वाजल्या. मग एकीने विचारलं, पण मॅडम, आमच्या चादरींना कोपरा येतो कुठे? तिने कपाटातून एक चादर काढली. कडेला सगळीकडे इलॅस्टिक. अंघोळीची टोपी डोक्यावर चढवावी तशी गादीवर चढवली आणि झालं.

म्हटलं, याला बिछाना घालणं म्हणत नाहीत, गादीला टोपी घालणं म्हणतात. खूप हसल्या. मेट्रनही हसली. दुसरी म्हणाली, पण तुमचं दिसतं छान, पूर्वी वेळ खूप असेल ना? वेळ! भरलेला वॉर्ड आणि आम्ही दोघी असायचो.

जाताना त्यातलीच एक पॅसेजमध्ये माझ्या फोटोपुढे थांबली. बरोबरच्या मुलीला म्हणाली, कोपरा सोड गं, पण बघून कसंतरीच होतं ना? माझं कार्ड कोणीतरी काढून टाकलेलं. 'एकटेपण' पुन्हा जागेवर.

घरी येऊन बिछाना नव्याने घातला. सकाळी घातलेला होताच.

शुक्रवार, १४ मार्च. सकाळी

पहिलं बक्षीस मला. 'एकटेपण'ला, म्हणजे मला नाहीच. समारंभाला जाणार, आणि स्टेजवरून सगळ्यांदेखत नाकारणार. भाषण पाठ आहे. सुरुवात: उशी एकच आहे, कारण झोपणारी एक आहे. त्यानंतर कोपऱ्याची कृती. शेवटी कमिटीची खरडपट्टी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बक्षीस घेतलं. सभागृहाचा एसी फार गार, त्यात घसा बसला. माइकपुढे गेले आणि म्हटलं, उशी एकच आहे, कारण. त्यापुढे आवाजच निघेना. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग अख्खं सभागृह उभं राहिलं. एसीचं तापमान कोण ठरवतं याची चौकशी व्हायला हवी.

चहाच्या वेळी सगळ्यांनी गराडा घातला. कॅमेरेवाला डॉक्टर म्हणाला, रविवारी तुमच्याकडे येतो, मॅडम, नक्की. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, मीही. मेट्रन म्हणाली, आम्ही सगळेच येतो. मी कोणालाही बोलावलेलं नाही. पत्ता विचारला म्हणून दिला. ज्यांनी विचारला नाही त्यांनाही दिला, नंतर घोळ नको.

रविवार, १६ मार्च. सकाळी

आज विश्रांती मिळणार नाही असं दिसतं. शेजारणीकडून खुर्च्या आणल्या. म्हणाली, पाहुणे का? म्हटलं, हॉस्पिटलचे लोक येताहेत. घाबरलीच, तुम्हाला काय झालं म्हणून.

ठराव: कोणालाही तासाभरापेक्षा जास्त बसू द्यायचं नाही.

दुपारी

दारावरची बेल वाजते की नाही ते बाहेर जाऊन दाबून पाहिलं. उत्तम वाजते.

संध्याकाळी

हॉस्पिटलवाल्यांना रविवार नसतो, हे मला कोणी सांगायला नको. इमर्जन्सी आली असेल. सगळ्यांनाच.

खुर्च्या परत केल्या. शेजारणीने काही विचारायच्या आत सांगून टाकलं, फार मजा आली.

सोमवार, १७ मार्च. सकाळी

पत्राचा पक्का मसुदा. आजच हातोहात नेऊन देणार.

प्रति, प्रदर्शन समिती.

आपण माझ्या परवानगीशिवाय माझ्या फोटोखाली 'एकटेपण' असं छापलंत, त्यावर बक्षीसही दिलंत. समितीपैकी एकानेही माझं घर पाहिलेलं नाही. न बघता असं विधान करणं बेजबाबदारपणाचं आहे. मी एकटी आहे असं समितीचं म्हणणं असेल, तर समितीने प्रत्यक्ष येऊन खात्री करून घ्यावी आणि मगच मला लेखी उत्तर द्यावं. पोस्टाने किंवा मोबाइलवर आलेलं उत्तर स्वीकारलं जाणार नाही. ते कोणीतरी घरी आणून द्यावं आणि माझं वाचून होईपर्यंत थांबावं. मी सावकाश वाचते. सर्वांना एकदम जमत नसेल तर वेगवेगळ्या दिवशी यावं, माझी हरकत नाही.

मुदत शनिवार, २२ मार्च, संध्याकाळी पाच. मुदत वाढवून मिळणार नाही.

रविवारीही मी घरीच आहे.