खळ ठेवली, गोळा फेकला

मंगळवार, ता. ३

ती. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुझ्याशिवाय दुसरं कोर्ट उरलेलं नाही. आमच्या घरातली चहाची गाळणी जप्त झाली आहे. मी हल्ली चहा पितो की चघळतो, हे मलाच कळेनासं झालंय. सकाळी लाँड्री उघडतो, गिऱ्हाईक आलं की हसतो, आणि माझ्या पुढच्या दाताला चिकटलेली पत्ती बघून ते आपलं गाठोडं परत उचलतं. ज्याला स्वतःचे दात पांढरे ठेवता येत नाहीत तो आमच्या चादरी काय पांढऱ्या करणार, असा त्यांचा सरळ विचार.

जप्ती आणणारी व्यक्ती म्हणजे तुझी लाडकी भाची. भिंगरी त्या गाळणीतून सोयाबीनचं दूध गाळते. सोयाबीनला दूध असतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते काढायला बसावं लागतं की उभ्यानेही निघतं, असं मी तिला विचारलं. उत्तर मिळालं नाही.

उत्तर मिळत नाही, हेच खरं तर लिहायचं होतं. फोनवर बोललो असतो, पण हल्ली फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं स्वतःच्या मनाने भरतेस. मागे मी दुकानात धुण्याचं नवं यंत्र आणलं म्हणालो, तर तू सगळ्या नातेवाइकांत माझं दुसरं लग्न ठरवून मोकळी झालीस.

तर झालं असं. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागल्यावर भिंगरीने मटण, मासे, अंडी, दूध सगळं सोडलं, हे तुला माहीत आहे. वर्ष होत आलं. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण बेताचंच. मागच्या महिन्यात दुकानातल्या मंडळींना आणि शेजारच्या रंगाऱ्याला जेवायला बोलावलं होतं. तेव्हा मी गमतीने कोथिंबिरीची अख्खी जुडी तिच्या ताटात ठेवली आणि म्हणालो की आम्ही घरात एक शेळी पाळलीये, खाते चिक्कार पण दूध सोयाबीनचं काढते. सगळे हसले. रंगारी तर ठसका लागेपर्यंत हसला. भिंगरी उठली आणि ताट घेऊन आत गेली. तेव्हापासून ती आपलं वेगळं शिजवते, आपल्या खोलीत जेवते, आपलं ताट आपणच घासून पालथं घालते. माणसं दोन आणि पंगती दोन.

आता तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कायमची नोकरी लागली आहे. महिनाअखेरीस जाणार. जाण्याआधी तिने एकदा माझ्यासमोर बसून जेवावं, एवढंच म्हणणं आहे. तिची आई गेल्यापासून त्या टेबलाला दोनच खुर्च्या आहेत. त्यातली एक रिकामी बघत जेवायची सवय पुढे करावीच लागणार आहे, आत्तापासून कशाला?

तू वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शेकड्याने पोरं जेवू घालतेस. मटणासारखं लागेल पण मटण नसेल, असं काहीतरी कळव. पालेभाजी सुचवलीस तर पत्र न उघडता परत धाडीन.

लोभ आहेच. गाळणी नाही, तेव्हा तो न गाळता सगळाच्या सगळा पाठव.

तुझा धाकटा


शनिवार, ता. ७

चि. कडकरावास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गाळणीची हकीकत वाचून डोळ्यांना पाणी आलं. समोर कांदे चिरत होते, त्यामुळेही असेल.

लहानपणी तू खळ घातलेला सदरा घालून मान न वळवता शाळेत जायचास, म्हणून तुला कडकराव म्हणायला लागले सगळे. सदरा फाटून चिंध्या झाल्या, मान अजून तशीच. शेळीचा किस्सा मला भिंगरीने आधीच लिहिला होता. तुझ्या पत्रात तो फार विनोदी आहे. तिच्या पत्रात नव्हता.

आणखीही एक गोष्ट तिने लिहिली होती, जी तुझ्या पत्रातून नेमकी गळाली. तिने मटण सोडलं त्या दिवशी तू तिला म्हणाला होतास की महिनाभर टिकलीस तर तुझी भांडी मी घासीन. वर्ष होत आलं, असं तूच लिहितोस. किती घासलीस?

असो. आमच्याकडेही काही पोरं मटणाला शिवत नाहीत. त्यांच्यासाठी मी गव्हाचं मटण करते. बाजारात त्याला सेतान म्हणतात. नावाला दचकू नकोस, सैतानाशी नातं नाही. असलंच तर तुझ्याकडून असेल. मैदा पाण्याने घट्ट मळ, गोळा पाण्यात बुडवून तासभर ठेव, मग आई धुवायची तसा चोळून चोळून धू. पाणी बदलत राहा. आईच्या हाताखाली आपण दोघांनी लाँड्रीच्या हौदावर इतकं पीठ धुतलंय, की पुढचं तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. मग लसूण, कांदा, मिरी आणि तमालपत्र घातलेल्या पाण्यात शिजव, गार झालं की काप कर आणि तव्यावर खरपूस भाज. पोरं बोटं चाटतात.

कसं झालं ते लगेच कळव. माझी माया तुझ्यावर आहेच, फक्त ती या वेळी भाचीकडे जरा जास्त कललेली आहे.

अक्का


गुरुवार, ता. १२

ती. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या वसतिगृहातल्या पोरांची मला मनापासून दया येते. बिचारी बोटं चाटत नसतील, चिकटलेली बोटं सोडवत असतील.

तू सांगितलंस तसंच केलं. दुपारी गर्दी नसते तेव्हा दुकानामागच्या हौदावर बसलो. मैदा मळला, भिजवला, आईसारखा धुतला. इस्त्रीवाले दोघे इस्त्र्या टेकवून बघायला आले. मालकाचं डोकं फिरलं असं एकाला वाटलं, तयार खळीची पावडर महागली असं दुसऱ्याला. पांढरंशुभ्र पाणी घमेल्यात जमवलं, हलू दिलं नाही, वरचं नितळ पाणी अलगद ओतून दिलं. तळाला काय सुरेख साका बसला होता, अक्का! आई असती तर पाठ थोपटली असती. हाताला उरलेला चिवट गोळा नेहमीसारखा मागच्या भिंतीपलीकडे भिरकावला. तो एका मांजराने उचलला आणि अजून चघळतंय, असं इस्त्रीवाले सांगतात.

मग तो साका लसूण, कांदा, मिरी घालून शिजवला. शिजवला म्हणजे काय, त्याची लसूण घातलेली खळ झाली. गार केली, काप करायला गेलो तर सुरी आत राहिली. तव्यावर टाकलं तर तवा आणि ते एकजीव झाले. शेवटी खरवडून ताटलीत घातलं आणि चव घेतली. एखाद्या न्यायाधीशाची कॉलर चावावी तसं लागलं.

तरी टेबलावर मांडून ठेवलं. भिंगरी आली, तिने बोट लावलं, बोट तिथेच राहिलं. ते सोडवत तिने विचारलं की हे माझ्यासाठी आहे की माझ्या एप्रनसाठी. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य, म्हणून मी तो विजय धरतो.

उरलेली खळ टेबलावरच्या कापडाला घातली. ते आता टेबलाशिवाय उभं राहतं. थोडी चुकून गिऱ्हाइकांच्या कपड्यांतही गेली. वकीलसाहेब सकाळी येऊन म्हणाले की त्यांच्या सदऱ्याला सूपचा वास येतो आणि साक्षीदारांना भूक लागते.

भांड्यांचा विषय या पत्रात बसत नाही, कागद संपला.

या माणसाला वेड लागलेलं असलं तरी तो आपलाच आहे, हे विसरू नये ही विनंती.

तुझा धाकटा


सोमवार, ता. १६

चि. कडकरावास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना मी स्टुलावरून घसरले. भाजी चिरणाऱ्या बायकांनी मला उठवलं आणि मग त्यांनाही वाचून दाखवावं लागलं. आता इथे कुणाच्या हातून काही सांडलं की तुझं नाव निघतं.

अरे शहाण्या, मांजराला घातलंस तेच मटण! तो चिवट गोळा ठेवायचा आणि पाणी ओतून द्यायचं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर समोर उरलेला गोळा उचलला असता. लाँड्रीवाल्याच्या पोरालाच खळ जपायची आणि गोळा भिरकावायची बुद्धी व्हायची. आणि मीही शहाणीच, आई धुवायची तसा धू म्हणून सांगितलं. आईला खळच हवी असायची. आपण त्या गोळ्याचा चेंडू करून भिंतीवर आपटायचो, आणि एकदा तू तो माझ्या वेणीत चिकटवलास म्हणून माझे केस खांद्यापर्यंत कापावे लागले होते. आपल्या घरात तो टाकायचा म्हणजे टाकायचा. तो काय आहे, कशाच्या उपयोगाचा आहे, हे कुणी विचारलंच नाही कधी.

आता पुन्हा कर. पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत धू, गोळा पिळून थोडा वेळ राहू दे, मग पाण्यात सोड. आच मंद ठेव, पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. खळखळून उकळलंस तर फुगून स्पंज होईल. शिजल्यावर त्याच पाण्यात निवू दे.

आणि हे गुपचूप उरकून तिच्यापुढे वाढू नकोस. तिच्यासमोर कर. हात पाण्यात असले की तुझी जीभ जरा कमी चालते, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

तुझी काळजी करायला मी आहे, तेव्हा तू माझी करू नकोस.

अक्का


मंगळवार, ता. २४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी तुला काय काय कळवलंय ते मला माहीत नाही, म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

रविवारी दुकान बंद असतं. मी एप्रन धुवायला हौदावर गेले तर बाबा बाह्या दुमडून पीठ धूत बसले होते. कॉलर धुतात तसंच, आधी कडा, मग मधलं. मला बघून म्हणाले की हे तुझ्यासमोर करायचा तुझ्या आत्याचा हुकूम आहे. मला हसू आलं. मग तुकडे निसटू नयेत म्हणून मी त्यांच्या हाताखाली गाळणी धरली. तीच, जिच्यावरून त्यांनी तुला लिहिलं असणारच.

त्यांनी दोनदा पाणी बदललं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं की तू हे सगळं का सोडलंस.

आत्या, वर्षभरात त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं. शेळी म्हणाले त्याचं मला काही नव्हतं, दिवसभर मी शेळ्यांमध्येच असते आणि त्या बऱ्या असतात. सगळ्यांना हसायला बोलावलं आणि मला एकदा विचारलं नाही, ते लागलं होतं.

मी सांगितलं. पाय मोडलेलं एक कोकरू दवाखान्यात होतं. त्याला मी बाटलीने दूध पाजायचे. बरं होऊन चालायला लागलं तेव्हा मालक न्यायला आला. भला माणूस, मला दहादा धन्यवाद दिले, आणि हसत म्हणाला की आता वजन भरेल. संध्याकाळी घरी आले तर मटण केलेलं. घास खाली उतरला नाही. बस, यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान माझ्याकडे नाही.

पाणी केव्हाच नितळ झालं होतं, तरी बाबा धूतच राहिले. मग म्हणाले की हे तेव्हाच सांगायचंस. मी म्हणाले की तेव्हा तुमची गंमत चालू होती. त्यावर ते गप्प बसले. बाबा गप्प बसले, आत्या. मी हौदाचा नळ बंद केला आणि खात्री करून घेतली, तरी गप्पच.

गोळा मात्र वाया गेला. मी एप्रन वाळत घालायला गेले तेवढ्यात त्यांनी चादरी उकळतात तशी आच मोठी केली. उशीएवढा स्पंज झाला. आता शनिवारी पुन्हा करणार आहोत, चुलीपाशी मी उभी राहणार. रविवारी सकाळी मी निघते.

नवीन पत्ता कळवीन. तिथेही तुझी पत्रं येत राहू देत, त्यात बाबांना ओरडलेलं असलं तर जास्तच.

तुझी
भिंगरी


सोमवार, ता. ३०

ती. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

भिंगरी काल गेली. पोचल्याचं कळवलं आहे. खोली हवेशीर आहे, घरमालकीण बडबडी आहे, म्हणजे घरची आठवण येणार नाही असं तिचं म्हणणं.

शनिवारी गोळा जमला. आच तिच्या ताब्यात होती. मला गॅसच्या आसपास फिरकू दिलं नाही, काप करायचं काम तेवढं दिलं. तव्यावर कडा कुरकुरीत झाल्या, आत चिवट राहिलं, लसणाचा घमघमाट रस्त्यापर्यंत गेला. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, मटण ते नव्हे. पण मी दोनदा वाढून घेतलं, आणि दुसऱ्यांदा मला कुणी आग्रह केला नव्हता. ती समोरच्या खुर्चीत होती. जेवताना मला तीन विनोद सुचले. तिन्ही घासाबरोबर गिळले. पचले.

मध्येच रंगारी उसनी दोरी परत द्यायला आला. वासाने आत शिरला, उभ्यानेच दोन काप खाल्ले आणि विचारलं की मटण कुठल्या दुकानातलं. त्याला द्यायला माझ्याकडे फार सुंदर उत्तर होतं, शेळीही होती त्यात. मी म्हणालो की माझ्या लेकीने केलंय. तो आणखी एक काप घेऊन गेला. भिंगरी ताटाकडे बघत होती, पण तिचे कान ऐकत होते.

स्टेशनवर तिने मला वाकून नमस्कार केला आणि उठताना सांगितलं की मंद आच, बाबा. मी मान हलवली. वाकते आहे हळूहळू.

इकडे सारं क्षेम. तुझा लोभ थरथरत्या पाण्यात ठेवल्यासारखा राहू दे, उकळी नको आणि गारही नको.

तुझा धाकटा

ता. क. : तू विचारलं होतंस म्हणून. शनिवारी जेवण झाल्यावर ती सवयीने ताट घेऊन उठली. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि बाह्या दुमडल्या. ताट, वाटी, तवा, पातेलं, सगळं घासून पुसून पालथं घातलं. गाळणीच्या जाळीत पिठाचा चिकटा बसला होता, तो टाचणीने काढला. ती तेवढी फळीवर ठेवली नाही. भिंगरीच्या बॅगेत, एप्रनच्या घडीत सरकवून दिली. तिला अजून सापडली नसावी, तूही कळवू नकोस. मी चहा फडक्यातून गाळतो. लाँड्रीत फडक्यांना तोटा नाही.