नाव येईस्तोवर

८ जानेवारी १९७३, सोमवार

कारकून म्हणजे नुसतं लिहायचं, अशी माझी समजूत! अक्षर चांगलं म्हणून घेतलं होतं ना. आज सकाळी तलावाच्या कामावर आप्पासाहेब मिस्त्रींनी मस्टर हातात दिलं आणि म्हणाले, "हं, पुकार नावं. मोठ्यानं."

सगळी गँग समोर बसलेली. टोपल्या, फावडी, कडेवर पोरं. पहिलं नाव कारभारी. 'क' तर माझा जुना वैरी! "का— का— का—" पुढं गाडी हलेना. मागून एकजण म्हणाला, "हँडल मारा रं, मोटार चालू हुईना!" सगळे हसले. मीही हसलो. हसायचं नव्हतं मला. राग आला होता.

मस्टर शेवटी मिस्त्रींनीच वाचलं.

९ जानेवारी

मुकाट्यानं फिरलो. तोंडं बघितली, मस्टरवर हजेरीच्या खुणा केल्या. मिस्त्रींनी पाहिलं.

"शनिवारी इंजिनिअरसाहेब येणार हायेत. त्यांच्यासमोर नावं पुकारलीस तर ऱ्हा. न्हाईतर गावाकडची एस्टी धर."

दादाला सोडून घराबाहेर पडायची ही माझी पहिलीच वेळ. नोकरी गेली तर परत त्याच्या मागं उभं राहायचं — तो बोलणार, मी मान हलवणार. नको!

१० जानेवारी

आज मजा झाली. कडूबाई नावाची नवी बाई कामावर आली. मस्टरवर नवऱ्याचं नाव लागतं. मी विचारायला गेलो आणि 'न'वर अडकलो. कसंबसं विचारलं, तर आता ती अडकली! धन्याचं नाव घ्यायचं कसं? पदर तोंडात. मग वर बोट केलं — "त्यो बगा, उगवतो त्यो."

"दिनकर?" मानेनंच नाही. "भास्कर?" नाही. सगळी गँग कामाला लागली. कुणी रवी म्हणालं, कुणी प्रभाकर. बाई घामाघूम. शेवटी गँगमधली म्हातारी मनकर्णा ओरडली, "अगं सूर्यभान का?" कडूबाईनं अशी मान हलवली की डोईवरचा पदर पडला.

तिला नाव ठाऊक होतं, ओठावर होतं, बाहेर काढता येत नव्हतं. माझ्यासारखंच की! पण ती अडली तेव्हा "मोटार चालू हुईना" असं कुणी म्हणालं नाही. सगळे खुशाल थांबले. दिवसभर हेच डोक्यात होतं.

११ जानेवारी

मनकर्णाबाई सकाळीच आली. "भाऊसाहेब, तुमी नुसतं त्वांड उघडा. आमी वळखून 'हाजर' म्हनतो. कशाला जिवाला तरास?"

आणि खरंच! मी "म—" केलं की "हाजर!" हजेरी चुटकीसरशी संपली. मिस्त्री खूश.

मी खूश आहे का? दादाही असंच करतो. माझं वाक्य हिसकून पुरं करतो. एकदा पाहुण्यांकडं मी "पोहे" म्हणणार होतो, त्यानं "पोळी" मागितली. खाल्ली पोळी. काय करणार!

पण शनिवार तरी निभेल.

१३ जानेवारी, शनिवार

आजचं अक्षर बघा, पार वेडंवाकडं!

साहेब आले. टेबल, खुर्ची, पाण्याचा तांब्या. मी "का—" म्हणालो आणि साहेबांच्या धाकानं कारभारी, काशीबाई दोघंही एकदम "हाजर!" पाठोपाठ कडूबाईही!

साहेबांची भुवई चढली. "नाव घ्यायच्या आधीच हजर? एका नावाला तीन माणसं? ही बोगस हजेरी दिसते. मिस्त्री, मस्टर ताब्यात घ्या. चौकशी होईपर्यंत पगार बंद."

सगळ्यांचा पगार! माझ्यापायी! मिस्त्री पायाकडं बघायला लागले. मनकर्णाबाई तोंड उघडणार तेवढ्यात मी हात वर केला. कसा केला देव जाणे.

"सा— साहेब. मी अ— अडखळतो. त्यांनी म— मदत केली. मा— माणसं खरी आहेत. पुन्हा घेतो हजेरी. वे— वेळ लागेल."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी म्हणालो, "थां— थांबा." इंजिनिअरला! मी!

मग गँगकडं वळलो. "पू— पुरं नाव आल्याशिवाय कुणी बो— बोलू नका."

आणि घेतली की सगळी! पहिल्याच 'क'ला पाच-सहा वेळा धडकलो. कोणी हललं नाही. कडूबाईची पाळी आली तेव्हा ती तोंडावर हात घट्ट दाबून उभी, जणू उकळी फुटेल. नाव पुरं झालं आणि तिनं "हाजर!" अशी आरोळी ठोकली की साहेबही दचकले. उन्हं पार वर आली. हसलं कोणी नाही.

साहेबांनी सही केली. जाताना एवढंच म्हणाले, "मस्टर बरोबर आहे."

मला रडू आलं. तलावाच्या पलीकडं जाऊन रडून घेतलं.

१६ जानेवारी

रोज अडखळतो. रोज पुरं वाचतो. मिस्त्री म्हणाले, "जरा आटप." तर मनकर्णाबाई — "घाई कुनाला हाय? माती काय पळून चालली?"

२१ जानेवारी, रविवार

घरी आलो. आईला शनिवारची सगळी हकिकत मीच सांगितली. दादा मध्ये पडला, त्याला थांबवलं. सांगून झालं तर आई डोळे पुसतेय. म्हटलं, का गं?

"आवाज तुज्या बापाचा हाय रं. इतकी वर्सं मला कळलंच न्हाई."

अण्णा गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. त्यांचा आवाज मला ठाऊकच नाही! विहिरीकडं गेलो आणि एकटाच मोठ्यानं बोलत बसलो — ऐकायला.